काचेवरची काच

आमच्या शेठच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांच्या पाठी पिवळ्या होत्या. पुढून बघावं तर कडक इस्त्री, खिशाला पेन, एखाद्या मुख्याध्यापकाचा थाट. मागून बघावं तर नुकता हळद लागलेला नवरदेव. जुन्नरमध्ये त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथं कॉम्प्युटरवर लग्नांचे अल्बम लावायचे. या पिवळ्या पाठींचं कोडं मला त्यांच्याबरोबर केलेल्या पहिल्याच लग्नात सुटलं.

हळदीचा कार्यक्रम रंगात आला होता. नवरदेवाच्या मित्रांनी मुठी भरभरून हळद उधळायला सुरुवात केली, तसा व्हिडिओवाला मागच्या मागं पळाला. शेठ जागचे हलले नाहीत. गर्रकन पाठ फिरवली, कॅमेरा पोटाशी धरला, त्याच्यावर वाकले आणि अख्खी मूठ पाठीवर घेतली. मग परत फिरून फोटो. दुसरी मूठ आली, पुन्हा पाठ. म्हणजे हळद नवऱ्याला लागत होती त्यापेक्षा जास्त आमच्या शेठना लागत होती.

मी नवी होते, म्हणून बोलून गेले, "शेठ, लेन्सला एक फिल्टर लावलात तर एवढी कसरत कशाला करावी लागेल?"

फिल्टर म्हणजे लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची एक साधी काच. धूळ, पाणी, ओरखडा जे काय यायचं ते तिच्यावर येतं आणि आतली महागाची लेन्स वाचते. नवी लेन्स घ्यायला गेलं की दुकानदार तो गळ्यात मारतातच, आणि निम्मं जग तो लावतंही. पण मी देवळात चप्पल घालून शिरले असावे तसं शेठनी माझ्याकडं बघितलं.

"लेन्सला फिल्टर न्हाई मॅडम," ते म्हणाले. "लेन्सला मी हाय."

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता म्हणून ते मला मॅडम म्हणायचे. त्यात आदर किती आणि टिंगल किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

फिल्टरवर त्यांचा एवढा राग का, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की चहा मागवायचे आणि चहा आला की तास गेला म्हणून समजा. "लेन्स बनवणारा काय येडा व्हता का? त्यानं आत इतक्या काचा बसवल्या, घासूनपुसून, मोजूनमापून. आन तुमी बाजारातनं एक काच आणून म्होरं डकवणार. दुधाचं भांडं घासूनपुसून लख करायचं, आन त्यात हात बुचकळायचा, तशातली गत." गिऱ्हाईक म्हणून कुणी हौशी पोरगा कॅमेरा गळ्यात अडकवून आला, तर पासपोर्ट फोटो राहायचा बाजूला, शेठ आधी त्याच्या लेन्सचा फिल्टर फिरवून काढायचे आणि त्याच्या तळहातावर ठेवायचे. "हे घ्या पावणं. घरी पाण्याच्या गिलासाव झाकण व्हईल." कितीतरी पोरं रागावून तो तिथंच टाकून जायची. त्यातला एक खरोखरच आमच्या माठाजवळच्या पेल्यावर असायचा. एक टेबलाच्या आखूड पायाखाली होता.

यातली गंमत अशी, की हा माणूस बाकी सगळ्या बाबतीत कव्हरवाला. स्कूटरच्या सीटवर कव्हर, त्या कव्हरवर आणखी एक कव्हर. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. मे महिन्यातसुद्धा कानाला मफलर. मोबाइलला पुढून काच, मागून रबर. समोरच्यांनी एकदा त्यांना बरोबर पकडलं.

समोरचे म्हणजे आमच्या समोरच्या स्टुडिओचे मालक. ते कट्टर फिल्टरवाले. त्यांच्या शोकेसमध्ये फिल्टर विकायला ठेवलेले असायचे. दोघांचं धंद्यात वैर आणि चहात भागीदारी. एक चहा दोघांत कटिंग करून आमच्या पायरीवर बसून प्यायचा आणि पिता पिता भांडायचं, हा रोजचा नेम. ते म्हणाले, "मोबाइलला काच चालती व्हय रं तुला? तवा न्हाई दुधात हात?"

"मोबाइल बायकोनं दिलाय," शेठ म्हणाले. "तिचा हुकूम हाय. लेन्स माजी हाय."

"आन हेल्मेट?"

"हेल्मेट डोक्याला असतं. डोळ्याला कुणी घालतं का?"

समोरचे निरुत्तर झाले नाहीत, ते कधीच व्हायचे नाहीत. पण चहा संपला होता.

शेठचं सगळं बरोबरच असायचं असं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. बैलगाड्यांच्या शर्यतीत ते घाटाच्या तोंडाशी उभे राहायचे. घाट म्हणजे शर्यतीची चढती धावपट्टी. बैल असे सुटतात की खुरांखालचे खडे गोफणीतून आल्यासारखे येतात. एकदा त्यातला एक शेठच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं होतं आणि हा गृहस्थ विचारतोय काय, तर "मॅडम, लेन्स बघा, लेन्सला काय झालं?" दवाखान्यात टाके घालताना समोरचे शेजारी बसून म्हणाले, "भुवईपरीस फिल्टर सवस्त पडला असता." शेठ म्हणाले, "भुवई परत उगावती."

पण ओझरला चतुर्थीच्या गर्दीत काही उगवण्यासारखं नव्हतं. कुणीतरी नारळ फोडला, करवंटीचा कपचा उडाला आणि थेट उघड्या लेन्सवर लागला. चांगला नखाएवढा ओरखडा आला. समोरच्यांना बातमी कळली तेव्हा ते पायरीवर न बसता आतच आले. "इघ्नहराच्या दारात इघ्न आलं. आता तरी लाव बाबा." शेठनी ती लेन्स हातात घेतली. मग बायकोच्या जुन्या लुगड्याचा जो मऊ तुकडा ते लेन्स पुसायला ठेवत, त्यानं ती पुसली आणि म्हणाले, "परसाद हाय देवाचा." ती लेन्स त्यांनी तशीच वापरली. फोटोत काही फरक पडला नाही म्हणायचे. पडत होता. मला कॉम्प्युटरवर दिसायचा. मी बोलले नाही, कारण असला हट्ट करायला जी छाती लागते तिचं मला तेव्हाही कौतुक होतं आणि आजही आहे. मी मात्र आता मंचरला स्वतःचं काम करते आणि माझ्या एकूण एक लेन्सला फिल्टर आहे.

शेठची मुलगी पुण्यात एका कंपनीत नोकरीला लागली. दिवाळीला आली ती बापासाठी नवी लेन्स घेऊन. शेठ एवढे हरखले की दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी पोस्टमनलासुद्धा, तो खोका दाखवून झाला. पण लेन्स हातात द्यायचे नाहीत कुणाच्या. पुढं उन्हाला आडोसा म्हणून नळकांड्यासारखं मोठं काळं हूड लावलेलं, बॅगेत वेगळ्या कप्प्यात ठेवलेली. मला वाटलं, लेकीची भेट आहे, जपणारच. त्यात विशेष काही दिसलं नाही.

ती लेन्स पहिल्यांदा बाहेर निघाली मढकडच्या एका वाडीतल्या लग्नात. नवऱ्याचं दुसरं लग्न. पहिली सून काविळीनं गेलेली. नवी नवरी तळेघरच्या बाजूची, भातशेतीवाल्या घरातली, हसरी पोर. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून मांडवाच्या डाव्या खांबावर मोठा हॅलोजन बांधलेला. शेठनी नवरा-नवरीला उजव्या अंगाला उभं केलं आणि स्वतः एकाच जागेवर पाय रोवून आहेराचे सगळे फोटो काढले. नवरीचा भाऊ घाईचा. स्टेटसला ठेवायला म्हणून त्यानं तिथल्या तिथं सगळे फोटो पेन ड्राइव्हवर भरून घेतले. मी ते नजरेखालून घालायच्या आत दोन्ही गावांच्या मोबाइलमध्ये पोचले होते.

आठवड्याभरानं तोच भाऊ स्टुडिओत आला. दाढी वाढलेली, बसायला सांगितलं तरी बसेना.

"शेठ, तुमच्या फोटुपायी माजी बहीण घरी बसलीया," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढं केला.

फोटोत नवरीच्या गळ्याशी, मंगळसूत्राच्या जरा वर, एक फिकट हिरवा ठिपका होता. कडेनं मऊ, आत उजळ. पुढच्या फोटोत तिथंच. त्याच्या पुढच्या फोटोतही तिथंच.

आमच्याकडं दुसरेपणाच्या बायकोनं गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालायची रीत आहे. एवढीशी कोरलेली बाईची आकृती असते. पहिलीला घरात जागा द्यायची, मान द्यायचा, हा त्यातला भाव. आता पुष्कळ घरांतून ते गेलंय. या लग्नातही मुलीचे वडील म्हणाले होते, आजकाल कोण घालतं, आणि नवऱ्याकडच्यांनी मान डोलावली होती. आता टाक जिथं असायचा नेमका तिथं हा ठिपका. नवऱ्याच्या आत्यानं तो सगळ्यांत आधी बघितला आणि निकाल देऊन टाकला, की पहिली आली, तिला जागा दिली नाही म्हणून गळ्यात येऊन बसली. लग्नानंतर रीतीप्रमाणं नवरी चार दिवस माहेरी गेली होती. तिला परत आणायला कुणी जाईना. नवऱ्याची छाती होईना. ज्या पोरीचा यात काडीचा दोष नाही, ती अंगावरची हळदसुद्धा उतरली नाही तोवर माहेरच्या ओसरीवर बसून होती.

मी फोटो मोठा करून बघितला आणि मला हायसं वाटलं. हे मी इतर फोटोवाल्यांच्या कामात कितीदा बघितलं होतं. "शेठ, हे भूत नाही, फिल्टर आहे," मी म्हटलं. "हॅलोजन डावीकडं वर, ठिपका उजवीकडं खाली. बरोबर समोरासमोर. उजेड आत जातो, माघारी फिरतो आणि फिल्टरवर आपटून पुन्हा आत येतो. पण..." आणि मी थांबले. आपल्याकडं फिल्टर कुठून आला?

शेठ उठले. बॅगेतून नवी लेन्स काढली, हूड काढलं आणि पुढची काच फिरवून काढून टेबलावर ठेवली. तिचा टक असा आवाज झाला.

"पोरीनं शपथ घातली व्हती," ते म्हणाले. "म्हणली, पप्पा, ही तरी उघडी ठेवू नका. तिच्या पयल्या पगाराची. मला न्हाई म्हणवलं न्हाई."

समोरचे दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता हा माणूस गल्लीत पेढे वाटणार. पण ते आत आले आणि हळूच म्हणाले, "हॅलोजनमुळं झालं म्हण. लायटीचा दोष. फिल्टरचं नाव काढायची गरज न्हाई. आपल्यातच राहील."

"आन पटणार कुणाला?" शेठ म्हणाले. "ठिपका आणून दावला पायजे, आन घालवून दावला पायजे. त्याबिगर ती पोर घरी जायाची न्हाई." मग त्यांनी मफलर गुंडाळला. "चल तूबी. साक्षीला."

दिवेलागणीच्या वेळी आम्ही तिघं वाडीत पोचलो. शेठनी येतानाच फोन करून तोच हॅलोजन त्याच खांबाला बांधायला लावला होता. मांडव उतरला होता पण खांब होते. अख्खी वाडी जमलेली. शेठ आपल्या जुन्या जागेवर उभे राहिले आणि म्हणाले, "नवरीच्या जाग्याव कोण उभं ऱ्हातंय?"

कुणी पुढं येईना. भुताच्या जागेवर कोण उभं राहील?

"आत्याबाई, तुमीच या," शेठ म्हणाले. "पयल्यांदा तुमीच वळाकलं तिला."

आत्याबाई नाही म्हणूच शकत नव्हत्या. पदर घट्ट आवळून उभ्या राहिल्या. शेठनी फिल्टर लावून फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा स्क्रीन सगळ्यांपुढं धरला. आत्याबाईंच्या गळ्याशी हिरवा ठिपका.

"अगं बया! माज्या गळ्यात?" आत्याबाईंनी दोन्ही हातांनी गळा धरला. "मी काय केलं गं तुजं?"

हसायचं की घाबरायचं, लोकांना कळेना. शेठनी फिल्टर फिरवून काढला, तोच फोटो परत काढला. गळा स्वच्छ. पुन्हा लावला, ठिपका. काढला, स्वच्छ. नवऱ्याला उभं केलं, समोरच्यांना उभं केलं, मला उभं केलं. सगळ्यांच्या गळ्यात आळीपाळीनं पहिली सून येऊन गेली. शेवटी पोरंच ओरडायला लागली, "आता माजा काढा, माजा!"

मग शेठनी ती काच दोन बोटांत धरून वर केली.

"मंडळी, मी तुमच्या हितल्या लई लग्नांत आलो. समद्यांस्नी सांगत आलो का फिल्टर लावू नका. ज्यांनी लावला त्यांची टिंगल केली. ह्या मानसाची तर रोज केली." त्यांनी समोरच्यांकडं हात केला. "आन ह्या लग्नात माज्याच लेन्सला फिल्टर व्हता. हॅलोजन समोर आला तवा काढायला पायजे व्हता, त्याचं भान मला ऱ्हायलं न्हाई. हा डाग त्या पोरीचा न्हाई, गेलेल्या बाईचाबी न्हाई. माजा हाय."

त्या दिवसानंतर समोरच्यांनी फिल्टरचा विषय पायरीवर कधी काढला नाही. मला वाटतं दोघांनाही त्याची चुटपुट लागली.

लोक मोकळे झाले. कुणीतरी चहा ठेवला. नवरा म्हणाला, उद्या सकाळीच तळेघरला जातो. आणि तेवढ्यात इतका वेळ जोत्यावर गप्प बसलेली त्याची आई उठून शेठजवळ आली.

"मंग ती आली नव्हती का?" तिनं विचारलं.

शेठनी हातातला कॅमेरा खाली घेतला.

"मी मोबाइलातल्या त्या ठिपक्याशी रोज बोलत व्हते," म्हातारी म्हणाली. "लई गुणाची व्हती वो. मला तिचं भ्या नव्हतं. नव्या पोरीला आणायला नगं, असं मी कवाच म्हणले न्हाई. मला वाटलं, आली तर आली, बसू दे."

आम्ही एक गाठ सोडवायला गेलो होतो आणि सोडवताना या बाईच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. शेठनी मफलर काढला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "मावशी, ती आली का न्हाई, ते मला न्हाई ठावं. ह्या ठिपक्यात नव्हती. मला एवढंच सांगता येतंय."

म्हातारीनं मान हलवली आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर महिनाभरानं बाजाराच्या दिवशी एक तरुण बाई आणि एक म्हातारी आमच्या पायऱ्या चढून आल्या. सून आणि सासू. सुनेच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला नवा कोरा चांदीचा टाक होता.

"कुणी घालायला लावला?" शेठनी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांना वाटलं, आत्याबाई पुन्हा सुरू झाल्या.

"कुणी न्हाई," सून म्हणाली. "मीच म्हणले आईंना. रिकाम्या ठिपक्याशी बोलत व्हत्या. म्हणलं, बोलायचं तर माज्याकडं बघून बोला." आणि हसली. "आमचा फोटु काढा दोघींचा."

शेठनी दोघींना बाकावर शेजारी शेजारी बसवलं. लेकीची लेन्स लावली. हूड काढून लेन्स तपासली, लुगड्याच्या तुकड्यानं पुसली. फोटो काढून झाल्यावर त्यांनी कॅमेरा म्हातारीपुढं धरला. सुनेच्या गळ्याशी टाक लखलखत होता.

म्हातारी डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिनं शेठकडं बघितलं.

"ह्याला ती काच न्हाई ना लावली?"

शेठनी लेन्स तिच्याकडं वळवून दाखवली. "न्हाई मावशी. उघडी हाय."

"मंग ही खरी," म्हातारी म्हणाली आणि स्क्रीनवरच्या टाकाला बोटं लावून ती तिनं कपाळाला लावली. स्क्रीनवर तिच्या बोटांचा ठसा उमटला. शेठनी तो पुसला नाही.